स्टीलचे बोंडले: आई कामावर असताना आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला दूध कशाने पाजावे

प्रसूतीची रजा संपून आई कामावर रुजू होणार असली की घरात पहिली चर्चा सुरू होते ती बाटलीची. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. तिला शिल्लक रजा जोडून मी मुलगी आठ महिन्यांची होईपर्यंत घरी राहू शकले. तोवर दूध म्हणून तिला फक्त अंगावरचेच ठाऊक होते. बाटलीचे निपल तिने हिरड्यांनी चावून पाहिले, जिभेने बाहेर ढकलले आणि पुन्हा तोंड उघडले नाही. बालरोगतज्ज्ञांना विचारले तेव्हा त्यांनी बाटलीचा नाद सोडून देण्यास सांगितले, कारण आधाराशिवाय बसणारे आणि वरचे अन्न खाणारे बाळ भांड्याच्या काठावरून दूध पिऊ शकते. मग बाटली लावायची आणि वर्षभराने ती सोडवायची, हा दुहेरी खटाटोप कशाला? मराठी घरांत यासाठी पूर्वापार चालत आलेले भांडे म्हणजे बोंडले. तुळशीबागेतल्या भांड्यांच्या एका दुकानातून आम्ही ते दोनशे रुपयांच्या आत आणले आणि आता ते पुरेसे वापरून झाले आहे, म्हणून हे परीक्षण.

बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. बोंडल्याची जाहिरात मात्र बंदी नसूनही कोणी करत नाही, त्यामुळे दुकानात गेल्यावर काय पाहून घ्यावे हे सांगणारेही कोणी भेटत नाही. आमचे बोंडले म्हणजे तळहातात मावणारी खोलगट वाटी आणि तिच्या एका कडेला ओढून काढलेली, वरून उघडी, टोकाकडे निमुळती होत गेलेली चोच. औषधाच्या मापाने मोजून पाहिले, तेव्हा न सांडता त्यात सुमारे ४० मिलिलिटर दूध राहते असे दिसले. चोचीचा काठ बाहेरच्या बाजूला वळवून गुळगुळीत केलेला आहे, आणि संपूर्ण भांड्यात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण दुकानात दाखवलेल्या स्वस्त नगांपैकी काहींची कड नुसती कापून सोडलेली होती आणि ती बोटाला लागत होती. दात येण्याच्या वयातले बाळ ओठ आणि हिरड्या काठावर घासतेच; तिथे अशी कड चालणार नाही. चोच बंद नळीसारखी असलेले बोंडले मिळाले तरी घेऊ नये, कारण नळीत दुधाचा साय-थर बसतो आणि तो घासता येत नाही. उघड्या चोचीत मात्र बोट पोहोचते. साबणाच्या पाण्याने धुऊन ते उकळत्या पाण्यात घातले की काम झाले.

चमच्याने पाजता येत नाही का, असा प्रश्न कोणीही विचारेल. येते, पण चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर दूध मावते, म्हणजे १०० मिलिलिटरसाठी वीस चमचे. इतका वेळ ना बाळ थांबते ना पाजणाऱ्याचा हात. बोंडल्याने तेच दूध अडीच-तीन वेळा भरून संपते आणि बाळाला घोटांमागून घोट घेता येतात.

या भांड्याचे यश पाजणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे, हे मात्र आधीच समजून घ्यावे. पूर्वीची पद्धत अशी की दोन्ही पाय लांब सोडून बसायचे, बाळाला पायांवर उताणे निजवायचे आणि रडण्यासाठी त्याने तोंड उघडले की चोच गालाच्या आत धरून दूध ओतायचे. माझ्या सासूबाईंनी त्यांची मुले अशीच वाढवली आणि सुरुवातीला त्याही तशाच बसल्या. पण निजलेल्या बाळाच्या घशात ओतलेले दूध ठसका लावते, आणि त्याहून वाईट म्हणजे किती प्यायचे हे ठरवण्याचा बाळाचा हक्क जातो. डॉक्टरांनी दाखवलेली रीत निराळी होती. बाळाला मांडीवर जवळजवळ ताठ बसवावे, एक हात त्याच्या पाठीमागे मानेच्या खाली ठेवावा, चोच खालच्या ओठावर अलगद टेकवावी आणि दूध वरच्या ओठाला लागेल इतपतच बोंडले तिरके करून तसेच धरून ठेवावे. ओतायचे नाही; थांबायचे. मग बाळ स्वतःच वरचा ओठ पुढे करते, जीभ काढून चाखते आणि सुरकन एक घोट घेते. तोंड मिटले, मान वळवली किंवा हाताने भांडे दूर सारले, की पोट भरले असे धरावे, मग वाटीत दूध उरलेले का असेना. सासूबाईंना हे थांबणे पहिल्यांदा वेळकाढूपणाचे वाटले. पण त्या मुळात चौकस असल्यामुळे आठवड्याच्या आतच त्यांनी त्यात आपली भर घातली. डाव्या हाताशी रिकामी वाटी ठेवून तिच्याशी मुलीला खेळू द्यायचे, म्हणजे तिचे हात बोंडल्याकडे येत नाहीत. ही युक्ती मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नव्हती.

सांडलवंड होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. कार्यालयातल्या प्रथमोपचाराच्या खोलीत दार आतून लावून, कोणी ठोठावेल या धास्तीत पंपाने काढलेले दूध लाळेऱ्यावर सांडलेले पाहिले की जीव कळवळतो. म्हणून बोंडले अर्धेच भरावे आणि बाकीचे दूध झाकलेल्या भांड्यात ठेवून लागेल तसे घ्यावे. त्याचा आणखी एक फायदा आहे. बाळाने तोंड लावलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे किंवा टाकून द्यावे लागते. न उष्टावलेले आणि कोमट न केलेले पुन्हा फ्रिजमध्ये ठेवता येते. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला चार तास टिकते, पण पुण्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत घरातले तापमान त्याहून बरेच वर असते, तेव्हा त्या हिशेबावर विसंबू नये आणि दूध थेट फ्रिजमध्ये ठेवावे. तिथे ते चार दिवस चांगले राहते, मात्र दारातल्या कप्प्यात ठेवू नये. वर साय जमून थर वेगळे दिसले म्हणजे दूध नासले असे नव्हे. भांडे हलकेच गोल फिरवले की ते पुन्हा एकजीव होते. दूध गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये; दुधाचे भांडे कोमट पाण्यात धरावे. स्टीलच्या बोंडल्यात दूध लवकर गार होते हे खरे, पण आमच्या मुलीला ते किंचित गार असले तरी चालले.

किती दूध काढून ठेवावे, याची धास्ती कामावर जाणाऱ्या प्रत्येक आईला असते आणि ती बहुधा गरजेपेक्षा जास्त असते. निव्वळ अंगावर पिणारे बाळ पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते, म्हणजे तासाला ३० च्या आसपास. वरचे अन्न सुरू झाले की हा आकडा हळूहळू उतरतो. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० कॅलरी मिळाव्यात असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक पोषण अजूनही आईच्या दुधाचेच, पण दुपारचे खिमट, मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व आणि कुस्करलेले केळे यांचा वाटाही मोठा. आमच्याकडे मी नसताना दोनदा दूध आणि दोनदा खाणे असे बसले. मी परतल्यावर आणि रात्री मुलगी उरलेली कसर भरून काढते. त्यात माझी झोप जाते, तो भाग वेगळा. एखाद्या दिवशी बोंडल्यातले दूध तिने निम्मेच घेतले, तर घाबरून पावडरचा डबा उघडण्याची घाई करू नये. ओल्या लंगोटांची संख्या रोजच्याइतकी आहे आणि वजन वाढते आहे, एवढे पाहावे. गाईचे किंवा म्हशीचे दूध मुख्य दूध म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत देऊ नये, असे आमच्या डॉक्टरांचे म्हणणे होते आणि आम्ही ते पाळले.

आता उणिवा. बोंडल्याला झाकण नाही, त्यामुळे प्रवासात ते निरुपयोगी. त्यावर मापाच्या रेषा नाहीत, म्हणून किती पाजले याची नोंद ठेवायची असेल तर दूध आधी मोजून घ्यावे लागते. पाळणाघरासाठी मी ते सुचवणार नाही. एका ताईंच्या अंगावर चार-पाच बाळे असतील, तर एकेकाला मांडीवर घेऊन चोच ओठाला टेकवून थांबणे त्यांना जमणार नाही, आणि घाईत दूध ओतले जाण्याची भीती राहते. तिथे छोटा पेला किंवा नळी असलेला, सुटे भाग करून धुता येणारा सिपर बरा. शिवाय बोंडल्याचे आयुष्य थोडे असते. दहावा महिना सरता सरता आमच्या मुलीने ते दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढायला सुरुवात केली आणि चोचीच्या टोकाने तिच्या नाकाला टोचू लागले. तेव्हापासून तिला जाड काठाचा बुटका पेला दिला. त्यातून ती आता स्वतः पिते आणि बरेचसे अंगावर घेते.

बारशाला आजोळहून आलेले चांदीचे बोंडलेही घरात आहे. ते देखणे आहे, पण त्यावरच्या नक्षीच्या खाचांत दूध अडकते, ते काळे पडते आणि पॉलिश लावून चमकवलेल्या भांड्यातून बाळाला पाजण्यास माझे मन धजत नाही. ते कपाटातच शोभते.

सहा ते दहा महिन्यांचे, बाटली नाकारणारे बाळ घरातल्याच एखाद्या निवांत माणसाच्या हाती राहणार असेल, तर स्टीलचे बोंडले जरूर घ्यावे. पैसे कमी आणि काम चोख. स्टील कोणत्या दर्जाचे आहे हे लोहचुंबक लावून कळत नाही, कारण ३०४ या दर्जाचे स्टील आणि त्याहून हलक्या दर्जाचे २०२ हे दोन्ही चुंबकाला सहसा चिकटत नाहीत. तेव्हा भांड्यावरचा शिक्का पाहावा किंवा ओळखीच्या दुकानातून घ्यावे. घेण्यापूर्वी दुकानदाराकडून थोडे पाणी मागून बोंडले हळूच तिरके करून पाहावे. चोचीच्या टोकावरून पाण्याची बारीक धार सुटली तर ठीक. पाणी टोकाखाली वळून भांड्याच्या पोटावरून ओघळू लागले, तर दुसरा नग मागावा.