पडद्याआड बोलणी की जाहीर दबाव?

परवा धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता आमच्या अभ्यास मंडळात याच विषयावर जुंपली. परदेशी लोकशाही-प्रसारक संस्थांना सरकार छळू लागलं, तर त्यांच्या देशाने गुपचूप बोलावं की उघड?

इजिप्तच पाहा. तिथल्या अमेरिकी संस्थांचे नोंदणीचे अर्ज वर्षानुवर्षं पडून होते. शांत पाठपुराव्याने हाती काही लागलं नाही. 2011 च्या डिसेंबरात कैरोत छापे पडले, संगणक, कागद उचलून नेले, 43 जणांवर खटला भरला. मग अमेरिकेने वर्षाला 1.3 अब्ज डॉलरची लष्करी मदत रोखण्याचा इशारा दिला. फेब्रुवारी 2012 च्या अखेरीस प्रवासबंदी उठली, मार्च उजाडताच जामीन भरून बहुतेक परदेशी कर्मचारी विमानाने बाहेर पडले.

पण इजिप्शियन सहकारी? ते तिथेच. 2013 मध्ये सगळे दोषी ठरले. फेरखटल्यात निर्दोष सुटका झाली ती थेट 2018 मध्ये. हे मला फार लागतं. गुपचूप बोलणी केली तर सरकारला अब्रू राखून माघार घ्यायला जागा मिळते, हे खरं. उघड दबावाने ‘परकी हस्तक्षेप’ म्हणायला आयतं निमित्तही मिळतं. रशियाने 2012 मध्ये अमेरिकेची मदतसंस्थाच देशाबाहेर काढली.

तरी मी जाहीर दबावाच्या बाजूने. अट एकच: स्थानिक माणसांची नावं मागण्यांत सगळ्यात वर हवीत.