सालामान्कातील स्पॅनिशची शाळा आणि तिने जोडून दिलेले घर

स्पेनमधील सालामान्का या शहरात ऑक्टोबर ते जून असे नऊ महिने मी एका खासगी शाळेत स्पॅनिश शिकले आणि त्याच शाळेने ठरवून दिलेल्या एका कुटुंबात राहिले. शिकवणीचे आणि निवासाचे पैसे एकत्रच भरावे लागले, पण दोन्हींचा दर्जा सारखा नव्हता. शाळा बरी होती आणि घर उत्तम होते. माझे स्पॅनिश जे काही सुधारले, त्याचे बरेचसे श्रेय मी रात्रीच्या जेवणाच्या टेबलाला देईन.

शहराची निवड मात्र अचूक ठरली. बार्सेलोनात रस्त्यावर कातालान ही तिथली दुसरी भाषाही कानी पडते. सालामान्कात सकाळच्या पावापासून रात्रीच्या भांडणापर्यंत सगळे कास्तिलियनमध्येच, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिच्यातच चालते. येथील विद्यापीठ १२१८ सालचे आहे आणि १४९२ मध्ये कास्तिलियन भाषेचे पहिले व्याकरण प्रसिद्ध करणारा नेब्रिहा याच विद्यापीठात शिकवत असे. विद्यार्थ्यांवरच चालणारे हे गाव असल्यामुळे दुकानदारांना मोडके स्पॅनिश ऐकण्याची सवय आहे. वाक्य पूर्ण होईपर्यंत ते थांबतात आणि चटकन इंग्रजीकडे वळत नाहीत. शिकणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती असेल?

शाळेत आठवड्याला २० तासिका होत्या, सकाळी ९ ते १ या वेळात. वर्गात जास्तीत जास्त आठ विद्यार्थी असतील असे सांगण्यात आले होते आणि जानेवारीपर्यंत ते खरेही ठरले. फेब्रुवारीत परदेशी विद्यापीठांचे गट आले आणि आम्ही तेरा जण झालो. संख्येपेक्षा त्रास झाला तो मधल्या सुटीचा, कारण ती संपूर्णपणे इंग्रजीत जात असे. प्रवेश घेण्यापूर्वी वर्गात कोणत्या देशांचे विद्यार्थी असतील हे विचारून घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला सांगते. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करून घेण्याचे पैसेही निराळे घेतले गेले. ती तयारी चांगली होती हे मान्य करते, परंतु ही बाब आधी कोणी स्पष्ट केली नव्हती.

शिकवणाऱ्या दोन बाईंपैकी दुसऱ्या खरोखर कसलेल्या होत्या. त्यांनी एकदा मला माझ्या भाषेतले वाक्य फळ्यावर लिहायला लावले आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की, पुण्यात दोन वर्षे इंग्रजी पुस्तकांतून शिकताना मी उगाचच वळसा घेत होते. ‘मे गुस्ता एल काफे’ हे ‘मला कॉफी आवडते’च आहे, कॉफी कर्ता आणि ‘मला’ चतुर्थीत, ही रचना वर्गातल्या इंग्रजी भाषकांना महिनाभर छळत होती. भूतकाळाच्या दोन रूपांचेही तसेच. ‘आजी गोष्ट सांगायची’ आणि ‘आजीने गोष्ट सांगितली’ यांतला फरक ज्याला जन्मतः कळतो, त्याला ‘कोन्ताबा’ आणि ‘कोन्तो’ यांसाठी तक्ता पाठ करावा लागत नाही. ज्या सबहुन्तिवोला, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या क्रियारूपाला, सगळे घाबरतात, तो पुष्कळ ठिकाणी आपल्या ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातल्या ‘यावेस’सारखा वागतो. लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीचा भरवसा धरू नये. येथील तोर्मेस नदी पुल्लिंगी आहे आणि नदीला ‘तो’ म्हणणे मला शेवटपर्यंत जड गेले.

आता घराविषयी. साठीच्या आसपासच्या एका विधवा बाईंकडे माझी खोली होती आणि तिन्ही वेळचे खाणे त्यात धरलेले होते. पहिले दोन आठवडे मी त्यांना ‘उस्तेद’ म्हणत राहिले, कारण वडीलधाऱ्यांना अरे-तुरे करायचे नाही हे अंगात भिनलेले. त्या वैतागून म्हणाल्या, या घरात फक्त बँकेचा माणूस मला ‘उस्तेद’ म्हणतो! आपणही आईला अहो म्हणत नाही, हे आठवले आणि माझी जीभ ‘तू’वर वळली. शब्दही तोच आहे, कारण दोन्हींचे मूळ एकच. त्यानंतर दुपारी अडीचचे आणि रात्री साडेनऊचे जेवण हाच माझा खरा वर्ग झाला. टीव्हीवरील बातम्यांना त्या उत्तरे देत आणि ती उत्तरे मला नंतर समजावून सांगत.

शाळेच्या कार्यालयाने ज्या कामात हात झटकले, तेही याच बाईंनी निभावले. सहा महिन्यांहून अधिक मुक्काम असलेल्या विद्यार्थ्याला आल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो आणि नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करून घ्यावी लागते. ‘आम्ही मदत करू’ याचा कार्यालयाच्या लेखी अर्थ एक छापील कागद हाती देणे एवढाच निघाला. असे दुसऱ्याच्या घरात राहताना पत्त्याच्या नोंदीला घरमालकाची संमती लागते आणि अनेक घरमालक ती द्यायला तयार नसतात. बाई स्वतः माझ्यासोबत रांगेत उभ्या राहिल्या.

उणीव म्हणावी तर उष्म्याची. हे शहर सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याखाली जाते आणि रात्री अकरानंतर बाई हीटर बंद करत. जाड रजाई त्यांनी न मागता दिली, तरीही पुण्याहून नेलेला स्वेटर अंगावर चढवूनच मी झोपत असे.

शाकाहाराचा घोळ पहिल्याच दिवशी झाला. मी मांस खात नाही असे शाळेला कळवले होते आणि शाळेने ते बाईंना सांगितलेही होते. तरी मसुराच्या आमटीत चोरिसो या डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे तुकडे आणि सॅलडमध्ये टुना मासा होता, कारण तेथे ‘कार्ने’ (मांस) म्हटले की मनात येतो तो ताटातला मांसाचा मोठा तुकडा, आणि हामोन, म्हणजे खारवून वाळवलेली डुकराची मांडी, ही निराळीच वस्तू मानली जाते. त्यामुळे घर ठरवताना ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन’ (मी मांस, मासे, हामोन खात नाही) असे तिन्ही शब्द वेगवेगळे लिहून पाठवावेत. अंडे चालत असेल तर तेही कळवावे, म्हणजे निदान बटाट्याची तोर्तिया, म्हणजे तिथले जाड ऑम्लेट, तरी रोज हक्काने मिळेल.