स्विफ्ट ३० मिमी खाली केली : चाक घासलं ते स्प्रिंगांमुळे नव्हे

स्विफ्टला ३० मिमी खाली करणाऱ्या स्प्रिंगा गेल्या दिवाळीनंतर बसवल्या. त्यानंतर हापूसचा हंगाम झाला, अख्खा पावसाळा झाला, गणपतीत पाहुण्यांनी भरलेली गाडी वाडीवाडीतून फिरली. कोकणात गाडीची जी काही परीक्षा व्हायची ती झाली, म्हणून आता लिहितोय. गाडी २०१८ची, पेट्रोल. रोज रत्नागिरी शहरात, कामासाठी कोल्हापूर आणि सणावाराला गुहागर.

स्प्रिंगा चांगल्या आहेत आणि त्या मी काढणार नाही. माझा राग आहे तो सोबत घेतलेल्या अलॉय रिमवर, आणि चाक घासायला लागल्यावर सगळं स्प्रिंगांवर ढकलून हात झटकणाऱ्या दुकानावर. खाली केलेली गाडी म्हणजे घासणारी गाडी, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. ते खरं नाही, आणि एवढं लांबलचक लिहायचं कारण तेच आहे.

आधी चांगलं सांगतो. कोल्हापूरला जाताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलं की फरक लगेच कळतो. पूर्वी वळणावर गाडी आधी कलायची आणि मग वळायची. आता स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते, मागे बसलेल्यांना दाराची कडी धरावी लागत नाही. गाडी लागणारी माझी बहीण आता घाटात उलटीची गोळी न घेता येते. माझ्या दृष्टीने पैसे तिथेच वसूल झाले.

गाडीचं पोट टेकेल ही भीती सगळेच घालतात. जमिनीपासूनच्या मूळ १६३ मिमी उंचीतून ३० गेले, उरले १३३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी. दोन्ही चाकं त्या गोलाईवर असताना मधला भाग चाकांच्या रेषेपेक्षा फक्त ४४ मिमी वर येतो. १३३ मध्ये ४४ आरामात बसतात. टेकतं ते गावातल्या अरुंद, उभ्या स्पीडब्रेकरवर, जिथं सगळी उंची एकदम पोटाखाली येते. कुणीतरी घरासमोर उरलेलं काँक्रीट ओतून केलेले असतात तसले. तिथं चौघं बसलेले असतील तर मी दोघांना उतरवतो, विषय संपला.

आता घासण्याकडे येतो.

थंडीभर गाडीत आम्ही दोघंच असायचो, आवाजाचा पत्ता नव्हता. एप्रिलमध्ये कोल्हापूरला मावशीकडे आंब्याच्या पेट्या पोचवायच्या होत्या. डिकी भरलेली, मागे आई आणि बहीण. घाटात एका उजव्या वळणावर रस्ता बसलाय, तिथं मागच्या डाव्या चाकातून खर्रर्र आवाज आला. आई म्हणाली, "मागे कायतरी घासतंय रे, थांबव बघू." उतरून पाहिलं तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावर चकचकीत पट्टा आणि मडगार्डच्या आतल्या कडेचा रंग पार उडालेला.

कोल्हापुरातच होतो म्हणून थेट त्या दुकानात गेलो. मालकाने गाडीखाली वाकूनही पाहिलं नाही. "सर, गाडी खाली केल्यावर घासणारच की! स्प्रिंगा काढून टाका, न्हाईतर कड दाबून देतो, फुकटात." आणि खरंच, मी बिल शोधेपर्यंत पोरग्याने हातोडीने डाव्या बाजूची कड आत वळवायला घेतलीसुद्धा. त्या कडेचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलं असेल तर ते.

चाक जास्तीत जास्त किती वर जाणार हे स्प्रिंग ठरवत नाही, बंप स्टॉपचा रबर ठरवतो, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ज्याला टेकून थांबतं तो ठोकळा. मूळ स्प्रिंगांवरही मोठ्या खड्ड्यात चाक त्याच उंचीपर्यंत जातं. खाली केलेल्या गाडीला तिथवर जायला ३० मिमी कमी अंतर उरतं, म्हणून ते जास्त वेळा पोचतं, एवढाच फरक. म्हणजे अगदी वरच्या टोकाला टायर आणि पत्रा यांच्यात जागा असेल तर ३० मिमीने काही बिघडत नाही. जागाच नसेल तर मूळ उंचीची गाडीही भरलेली असताना कधीतरी घासेल.

हे तपासायची पद्धत आमच्या रत्नागिरीतल्या गॅरेजवाल्या भाऊंची. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे, त्यामुळे स्प्रिंग पटकन निघते. गाडी स्टँडवर, दोन्ही मागच्या स्प्रिंगा बाहेर, चाकं जागेवर, आणि खालून जॅक लावून बीम बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर. मग एकच बाजू वर, दुसरी खाली, कारण खड्ड्यात आणि वळणावर गाडी तशीच पिळते. डाव्या बाजूला टायरचा खांदा मडगार्डच्या कडेच्या सरळ खाली आला होता, आत नव्हे. शिवाय दोन गोष्टी सापडल्या. मागच्या बंपरचा कोपरा जिथं पत्र्याला धरलेला असतो तिथल्या स्क्रूचं टोक टायरकडे रोखलेलं होतं. आणि बंप स्टॉपचे रबर जवळजवळ निम्मे कापलेले होते. स्प्रिंगा बसवताना त्याच दुकानाने मला न विचारता कापले, म्हणजे चाकाला वर जायची आणखी मुभा दिली.

भाऊंनी मग रिम काढून आतले आकडे वाचले. १६ इंच, ७ जे, ईटी ३५. '७ जे' म्हणजे रिमची रुंदी सात इंच. 'ईटी' म्हणजे ऑफसेट, मिमीमध्ये : हा आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. मला दुकानात सांगितलं होतं, "स्विफ्टचंच साइझ आहे." टायर १९५/५५ आर१६ आहे, त्याची उंची ६२१ मिमी. मूळ १८५/६५ आर१५ची ६२१.५. अर्ध्या मिमीचा फरक, म्हणून टायर बिचारा निर्दोष. पण ७ जे, ईटी ३५च्या जागी साडेसहा जे, ईटी ४२ची रिम घेतली असती तर बाहेरची कड १३ मिमीपेक्षा जास्त आत राहिली असती. आणि आतल्या बाजूला, शॉकअपकडे, दोन्ही रिम जवळपास त्याच जागी येतात, फरक एका मिमीचाही नाही. म्हणजे ही रिम आतून काहीच देत नाही, फक्त चाक १३ मिमी बाहेर काढते. त्या १३ मिमीने दोन महिने माझी झोप घालवली. गाडी मागून रुंद, दणकट दिसते म्हणून दुकानं असा ऑफसेट विकतात, आणि गिऱ्हाईक घासण्याचा दोष स्प्रिंगांना देतं.

दुकानाने वापरलेली रिम परत घेतली नाही. फोनवर तेच पालुपद, स्प्रिंगा काढा. शेवटी ७,५०० रुपयांचं नुकसान सोसून तो सेट विकला. मला पैसा सहज सुटत नाही, त्यामुळे हा आकडा डोक्यातून जात नाही. साडेसहा जे, ईटी ४२चा सेट आणला, बंप स्टॉपचे रबर पूर्ण मापाचे नवे घातले, तो स्क्रू उलट्या बाजूने बसवला. मडगार्डच्या कडेला आतून खडू चोळला आणि त्याच माणसांना, तेवढंच ओझं घालून, त्याच वळणावर गाडी नेली. खडू जसाच्या तसा. गणपतीत पाच जण आणि सामान घालूनही घासली नाही, आणि स्प्रिंगा त्याच आहेत.

इथं माझं एक मत थोडं बदललं. पहिले काही महिने मी सगळ्यांना सांगत होतो की या स्प्रिंगांवर गाडी मऊच चालते. त्यातला काही मऊपणा कापलेल्या रबरांचा होता. पूर्ण मापाचे रबर आल्यावर भरलेल्या गाडीत मागे लवकर टेकतं. कोल्हापूरच्या वाटेवर मिऱ्या–नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणात जिथं डायव्हर्जन आहे तिथं मागच्या सीटवर दणका बसतो. आई बोलते. रिकामी गाडी अजून छान चालते. ज्यांना रोज मागे माणसं बसवायची असतात त्यांनी याचा विचार करावा.

आणि ती कड. मडगार्डची आतली कड म्हणजे बाहेरचा आणि आतला पत्रा एकत्र दाबलेला असतो, मध्ये सीलंट. ती वळवायचीच असेल तर हीट गनने रंग गरम करून, रोलरने हळूहळू वळवतात. थंड पत्र्यावर हातोडी मारली की रंगाला केसासारख्या भेगा जातात आणि सीलंट फुटतं. पुण्यात ते वर्ष-दोन वर्षं कळणारही नाही. इथं खारा वारा आहे. पावसाळ्यात चाकांनी उडवलेला जांभ्याचा लाल चिखल त्या कडेवर बसतो, वाळतो, पुन्हा भिजतो आणि दिवसच्या दिवस ओल धरून ठेवतो. श्रावण संपता संपता डाव्या कडेवर गंजाचे फोड आले. उजवी बाजू, जिला कुणी हात लावला नव्हता, कोरी करकरीत. डेंटरने गंज घासून काढला, इपॉक्सी प्रायमर मारला, आतून अंडरबॉडी कोटिंग केलं. पण दोन पत्र्यांच्या मध्ये गेलेलं पाणी बाहेर काढता येत नाही. दर आठवड्याला पाइपाने चाकावरच्या कमानीच्या आतून चिखल धुतो आणि बोट फिरवून बघतो. समुद्रापासून दहा-वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी कड वळवून घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. चाक आत घ्या, पत्र्याला हात लावू नका.

गुहागरला जाताना जयगड–तवसाळ फेरीबोट लागते. भरतीला काही त्रास नाही. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन होतो आणि पुढच्या बंपरचा ओठ टेकतो. उपाय म्हणून सगळे गाडी तिरपी घ्यायला सांगतात, पण तिरपी घेतली की गाडी पिळते आणि मागचं एक चाक पूर्ण वर जातं. जुन्या रिमवर तिथंही खर्रर्र व्हायचं. आता तिरपी घेतो आणि आवाज नाही. तरी निघताना भरतीची वेळ बघूनच निघतो.

बाकी थोडक्यात. स्प्रिंगा बसवल्यावर पुढच्या चाकांची टो (चाकांची तोंडं किंचित आत-बाहेर वळलेली असतात ते माप) बदलते, अलाइनमेंट लगेच करा आणि महिन्याभराने, स्प्रिंगा दबून स्थिरावल्यावर, पुन्हा करा. मागे टॉर्शन बीमला जुळवायला काही नसतं. मूळ स्प्रिंगा कापून गाडी खाली करणाऱ्यांच्या नादी लागू नका. वेटोळे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, आणि चाक हवेत लोंबकळलं की ती बैठकीत सैल पडते. आणि कायदा माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचा तपशील बदलेल असे बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ स्प्रिंगा मी तेल लावून माळ्यावर ठेवल्या आहेत.

त्या दुकानाशी भांडताना माझ्या हातात काहीच नव्हतं, कारण बिलावर फक्त "अलॉय १६ इंच, ४ नग" एवढंच होतं. नव्या सेटच्या बिलावर १६ × ६.५, ४ × १०० (चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर), ईटी ४२ असं सगळं लिहून घेतलं. हा दुकानदारही आधी कां-कूं करत होता. लिहून दिल्यावरच मी पैसे दिले.