एका कॉम्प्युटरला तीन-चार मॉनिटर: कार्ड, एमएसटी हब की डिस्प्लेलिंक?

घरून ट्रेडिंग करणाऱ्याला चार स्क्रीन हवे असतात, एडिटिंगवाल्याला तीन. लॅमिंग्टन रोडवर दोघांपुढेही हेच पर्याय ठेवले जातात: जास्त पोर्टचं ग्राफिक्स कार्ड, डिस्प्लेपोर्टचा एमएसटी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा), नाहीतर यूएसबीतून चित्र पाठवणारा डिस्प्लेलिंक अ‍ॅडॅप्टर. चित्र तिन्हींवर येतं. फरक कळतो तो एखादा मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवू लागला की.

डेस्कटॉप असेल तर कार्डच घ्या. आजची बहुतेक जीफोर्स कार्डं एका वेळी चार मॉनिटर चालवतात, आणि प्रत्येकाची केबल वेगळी असल्याने दोष शोधणं सोपं जातं. काळ्या मॉनिटरची केबल, कार्डाकडचं टोक न हलवता, चालू मॉनिटरला लावा. चित्र आलं तर दोष मॉनिटरचा, किंवा त्याच्या मेनूत चुकीचा इनपुट निवडलेला. नाही आलं तर कार्डावर पोर्ट बदला. तरीही काळं राहिलं तर केबल बदला. मदरबोर्डवरच्या पोर्टला लावलेला मॉनिटर मात्र गप्पच राहू शकतो, कारण कार्ड बसलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ (आयजीपीयू म्हणजे हेच आतलं ग्राफिक्स) सुरू करावं लागतं. आणि ‘डीपी टू एचडीएमआय’ केबल साधारणपणे एकाच दिशेने चालते: डीपी (डिस्प्लेपोर्ट) कॉम्प्युटरकडे, एचडीएमआय मॉनिटरकडे. उलटी लावली तर काहीच दिसत नाही, आणि बिचाऱ्या मॉनिटरला दोष लागतो.

लॅपटॉपला एकाच पोर्टवरून दोन-तीन मॉनिटर जोडायचे तर एमएसटी. इथे गणित आधी करायचं. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये चित्रासाठी १७.२८ गिगाबिट प्रति सेकंद मिळतात. ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर साधारण ३.३ खातो, १४४०पी ५.८, आणि फोरके जवळपास १२.८. म्हणजे फुल एचडीचे तीन आरामात, १४४०पीचे दोनच धरावेत. यूएसबी-सी हबमधून वेगवान यूएसबीही चालत असेल तर केबलमधल्या चारपैकी दोनच लेन (डेटाच्या वाटा) चित्राला उरतात, मग त्याच वेगाच्या लॅपटॉपवर ८.६४ गिगाबिटच मिळतात. फोरके ३० हर्ट्झवर का अडकतो, त्याचं हे कारण. तिसरा मॉनिटर लुकलुकत असेल तर विंडोजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट ३० करून पाहा. लुकलुकणं थांबलं तर जागा अपुरी पडतेय किंवा केबल कच्ची आहे. मॅकवाल्यांनी एमएसटी हब घेऊच नये: मॅकओएसमध्ये त्यावरच्या दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र उमटतं.

डिस्प्लेलिंक तिसरा, आणि तो नाइलाजाचा. एम१ मॅकबुक एकच बाहेरचा मॉनिटर चालवतो, तिथे तोच कामी येतो. पण इथे कॉम्प्युटरचा प्रोसेसर चित्र कॉम्प्रेस करून यूएसबीवर पाठवतो, म्हणून ड्रायव्हर हवाच. मॅकवर ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी दिली नाही तर स्क्रीन कोरा राहतो. चार्ट, एक्सेल, ईमेल ठीक. एडिटिंगची टाइमलाइन त्यावर ठेवू नका.

एक चमत्कारिक कारणही माहीत असावं. गॅसवर खाली-वर होणाऱ्या खुर्चीवरून उठताना किंवा बसताना सगळं जोडकाम बरोबर असूनही मॉनिटर क्षणभर काळा होतो. खुर्चीतल्या स्थिर विजेचा झटका केबल पकडते. दमट पावसाळ्यापेक्षा एसीच्या कोरड्या हवेत हे जास्त. नवी केबल आणण्याआधी दोन दिवस लाकडी खुर्चीवर बसून पाहा. फरक पडला तर फेराइट कडं (असे झटके अडवणारा केबलवरचा जाडसर गोळा) असलेली केबल मागा.