नवी म्हणून माझीच जुनी टाकी मला परत विकली

ज्यांच्याकडे जुन्या बसवर बांधलेली कॅरव्हॅन आहे आणि तिच्याखाली हवेचे फुगे आहेत, त्यांनी हे कृपया शेवटपर्यंत वाचा. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण माझी नातवंडं ज्या पलंगावर झोपतात त्याच्या बरोबर खाली एका माणसाने दाबाच्या हवेची सडलेली टाकी रंग मारून बसवली, याचा राग अजून उतरलेला नाही.

आमची गाडी १९८९ सालची. मूळची प्रवासी बस. आधीच्या मालकाने तिच्यात दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं घर थाटलं आणि मागचे कमानपाटे काढून त्यांच्या जागी हवेच्या फुग्यांचं एअर सस्पेन्शन करून घेतलं. मी निवृत्त झालो त्या वर्षी ती विकत घेतली. अमेरिकेत १९७३ ते १९७८ या काळात बनलेल्या जीएमसी मोटरहोमलाही मागे असेच हवेचे फुगे होते आणि पन्नास वर्षांनंतरही लोक त्या गाड्या हौसेने जपतात, हे वाचल्यापासून आपलीही गाडी तशी जपायची असं मी ठरवलं होतं.

ऑगस्टात पहिल्यांदा शंका आली. एरवी इंजिन सुरू केलं की पाच-सात मिनिटांत गाडीचा मागचा भाग उचलायचा. आता वीस मिनिटं झाली तरी तो बसलेलाच. पुरेशी हवा भरली की हवेतलं पाणी शोषून घेणाऱ्या एअर ड्रायरमधून फुस्सकन आवाज होतो, तोही येईना. म्हणजे कंप्रेसर बिचारा हवा भरत होता आणि कुठूनतरी ती निघून जात होती. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन खाली शिरलो. सस्पेन्शनच्या टाकीच्या, म्हणजे फुग्यांना हवा पुरवणाऱ्या टाकीच्या पोटाला, अगदी तळाशी, दोन ठिकाणी फेस येत होता. भोकं मोहरीएवढीसुद्धा नव्हती.

टाकी तळाशीच का सडते, हे समजून घेतलं तर पुढची फसवणूक कळेल. चाळीस लिटरच्या टाकीत गेजवर आठ बार, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण आठपट जास्त दाब असतो, तेव्हा बाहेरची जवळजवळ ३६० लिटर हवा तिच्यात कोंबलेली असते. एवढी हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली बसते. पुण्याच्या पावसाळ्यात तर विचारू नका. त्यात कंप्रेसरकडून येणारं थोडं तेल मिसळतं आणि चहाच्या रंगाचा राडा तयार होतो. तळाचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, नियमित ओढला नाही, ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही, की बाहेरून काळीकुळकुळीत दिसणारी टाकी आतून पोखरत जाते. भोक दिसतं तोवर आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो.

ओळखीच्या एकाने बायपासलगतच्या गॅरेजचं नाव सुचवलं. गॅरेज चालवणारा पस्तिशीचा, बोलायला फार गोड. खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘काका, हे जुनं माप आहे. पुण्यात मिळणार नाही, मुंबईहून मागवावी लागेल. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका, गाडी माझ्यावर सोडा.’ टाकीचे २२,०००, व्हॉल्व्ह आणि मजुरी धरून ३१,५००. मी नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, एक चक्कर मारली असती तर खरं काय ते तिथेच समजलं असतं. गेलो नाही. पंधरा हजार आगाऊ मागितले. समोर धरलेल्या क्यूआर कोडवर भलतंच नाव आलं, तर म्हणाला, ‘भावाचं खातं आहे काका, एकच आहे.’ मी पैसे पाठवले.

चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. प्लास्टिकच्या वेष्टनातली कोरी टाकी, तोंडांवर पिवळ्या टोप्या. खाली लिहिलं होतं, ‘काका नवी कोरी कंपनीची टाकी आली, उद्या बसवतो.’ तो निरोप मी खोडला नाही, एवढं एक बरं झालं.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा टाकी चकचकीत काळी होती. सहा मिनिटांत काटा आठवर गेला, मागचा भाग उचलला. मी खुश. जुनी टाकी कुठे आहे विचारलं तर म्हणाला, ‘भंगारवाल्याने नेली हो. त्याचे काय, दोनशे रुपये आले असते.’ बिल म्हणून वहीचं एक पान मिळालं. त्यावर ‘टाकी + फिटिंग’ आणि रक्कम. जीएसटी नंबर नाही, टाकीचा नंबर नाही, सहीसुद्धा नीट नाही. पक्कं बिल मागितलं तर ‘टॅक्स लावला तर तुम्हालाच पाच-सहा हजार जास्त पडतील’ असं उत्तर. मी मान डोलावली. पक्क्या बिलाने जो पुरावा हातात येतो तो मी त्या क्षणी सोडून दिला, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी नातवंडांना घेऊन आली होती. खंबाटकी चढून वाईला गेलो, मेणवलीच्या घाटावर मुलांनी संध्याकाळभर दंगा केला. रात्री दोनच्या सुमारास बायकोने मला हलवलं. ‘काहीतरी वाजतंय हो.’ पलंगाखालून बारीक, सलग शीळ येत होती. टॉर्च घेऊन केबिनमध्ये गेलो तर सस्पेन्शनचा काटा तीनच्याही खाली. मुलांना उचलून पुढच्या बाकांवर निजवलं. ती झोपेतच होती. आम्ही दोघं उजाडेपर्यंत बसून राहिलो. ब्रेकच्या टाक्या वेगळ्या असतात आणि एक सर्किट गेलं तरी बाकीची हवा राखणारा व्हॉल्व्ह मध्ये असतो, म्हणून ब्रेकचं दडपण नव्हतं. पण परत येताना गाडी मागे रबरी ठोकळ्यांवर टेकली होती आणि घाटातला प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यात जाणवत होता.

पुण्यात आल्यावर गाडी सरळ भोसरीला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. साठीच्या पुढचे आहेत, आयुष्य बसच्या ब्रेकच्या कामात गेलेलं. त्यांनी आधी कॉक ओढून टाकी पूर्ण रिकामी केली, मगच हात लावला. थिनरमध्ये बुडवलेलं फडकं टाकीच्या बाजूवर फिरवलं. काळा रंग सहज निघाला. खाली धातूची पट्टी होती, तिच्यावर अशा टाक्यांचं ईएन २८६-२ हे युरोपीय मानक, लिटर, जास्तीत जास्त दाब आणि बनवल्याचं साल. साल होतं २००६.

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ टाकीवर हळूहळू ठोकत नेली. टण, टण, टण, आणि मागच्या टोकाशी आल्यावर थप्प. तिथे थांबले. हॅकसॉचं जुनं पातं घेऊन खरवडायला लागले. राखाडी पुट्टीचे खवले गळून पडले आणि खाली अर्ध्या लिंबाएवढा खळगा दिसला.

तो मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी ताम्हिणीत गाडी मागे घेताना टाकीचं टोक एका दगडावर आपटलं होतं. तेव्हा गाडीखाली शिरून मी त्या खळग्यात अंगठा ठेवून बघितला होता. आता पुन्हा ठेवला. तसाच बसला. ती नवी टाकी नव्हती. दुसऱ्या कुणाची जुनीही नव्हती. माझीच टाकी काढून, भोकं बुजवून, खळग्यात पुट्टी भरून, रंग मारून मला बावीस हजाराला विकली होती. भंगारवाला वगैरे काही आलाच नव्हता. फोटोतली टाकी कुणाची होती, देव जाणे.

तळाला दोन भोकांवर वेल्डिंगचे गोळे होते आणि एका गोळ्याच्या कडेने केसासारखी चीर गेली होती. शीळ तिथूनच येत होती. मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, कुजलेल्या कापडाला ठिगळ लावलं की टाका धरतो आणि शेजारचं कापड फाटतं. हवेच्या टाकीला भोक पडलं की टाकीच बदलायची. वेल्डिंग करायचंच नसतं.’ ती चीर रात्री थांबलेल्या गाडीत पडली म्हणून शिळेवर भागलं. सडलेला पत्रा आठ बारला एकदम उलगडला असता तर वर फक्त प्लायवूड आणि गादी होती. हा विचार मनात आला की अजून पोटात गोळा येतो.

नवी टाकी त्याच मापाची नाना पेठेत मिळाली, ६,२०० रुपयांना, पक्क्या बिलासकट. मिस्त्रींनी ती बसवण्याआधी माझ्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाले, टॉर्च लावून तोंडातून आत बघा. आतला रंग स्वच्छ, एकसारखा होता. मग जुनी सोडवून तिच्याही तोंडातून बघायला लावलं. आत तपकिरी खपल्या आणि तळाला ओला राडा. बाहेरून कितीही रंग मारा, आतलं लपवता येत नाही. हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि टाकी बसवण्याआधीच बघावं लागतं. त्यांनी ड्रायरचं कार्ट्रिजही बदललं. पहिल्या माणसाने ते उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं, म्हणजे खरोखर नवी टाकी घातली असती तरी पाणी तिच्यात उतरतच राहिलं असतं.

गाडी कुठल्याही गॅरेजला सोडण्याआधी बदलायच्या भागाच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा आणि सहज न दिसणाऱ्या जागी ऑइल पेंटने स्वतःची खूण करा. काढलेला भाग मला परत हवा, हे काम सुरू होण्याआधी सांगा आणि तो हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. नवी टाकी आली की वेष्टनात असतानाच तुमच्यासमोर उघडायला लावा. पट्टीवर रंग चढलेला दिसला तर तिथेच थांबा, कारण नव्या टाकीची पट्टी कुणी झाकत नाही. पैसे गॅरेजच्याच नावाच्या खात्यावर द्या. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते लगेच समजतं.

त्या माणसाला मी फोन केला. आधी म्हणाला, ‘काका, तुम्हीच स्वस्तात रिपेअर करायला सांगितलं होतं.’ ‘नवी कोरी’ हा त्याचाच निरोप वाचून दाखवल्यावर फोन ठेवला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. नोटीस पोहोचल्यावर त्याचाच फोन आला, दहा हजार घ्या आणि विषय मिटवा म्हणून. मी नाही म्हटलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील न देता स्वतः बाजू मांडता येते. कच्च्या पावतीमुळे माझी बाजू थोडी लंगडी आहे. पण त्याचा निरोप, यूपीआयची नोंद, मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद आणि पट्टीचे फोटो जोडून तक्रार दाखल केली आहे.

मिस्त्री ती टाकी कापून आतून दाखवणार होते, मी कापू दिली नाही. गॅलरीत गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे, खळगा वरच्या बाजूला करून. तारीख लागली की ती सोबत न्यायची आहे.