टर्म वाचवायची, केटी घ्यायची की वर्ष सोडायचं?

ऑक्टोबरच्या शेवटी गंगापूर रोडवर चहा घेताना मखमलाबादकडचा एक ओळखीचा मुलगा भेटला. एस.वाय.बी.कॉम.ला आहे. महिन्याभरापूर्वी ट्रॅक्टर उलटून वडिलांचा पाय मोडला. आधी हॉस्पिटल, मग घरी पलंगावर. द्राक्षाची बाग गोडी छाटणीला आलेली, मजूर मिळेनात, सगळं याच्या अंगावर पडलं. कॉलेजच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे कमी हजेरीवाल्यांच्या यादीत, नावही झळकलं होतं. म्हणाला, "दादा, वर्षच सोडून देतो. पुढच्या वर्षी नीट करतो."

वर्ष सोडणं हा सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात महाग पडणारा मार्ग आहे, असं माझं मत आहे. ते फुकट बनलेलं नाही. माझीही एक टर्म अशीच गेली होती, ते पुढे सांगतो. त्या दिवशी त्याला एवढंच विचारलं, "नक्की काय मोडलंय? हजेरी, परीक्षा की वर्ष?" तिन्हींची औषधं वेगळी आहेत आणि बहुतेक मुलं हजेरीच्या दुखण्यावर वर्षाचं ऑपरेशन करून घेतात.

आधी हजेरी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या कॉलेजांत ७५ टक्क्यांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. तेवढी हजेरी भरली की टर्म ग्रँट होते आणि परीक्षेला बसता येतं. कमी पडली आणि कारण आजारपणासारखं सबळ असलं, तर तूट माफ करण्याची विनंती प्राचार्यांकडे करता येते. हा सगळ्यात स्वस्त मार्ग. यात वर्ष जात नाही, मार्कशीटवर काही उमटत नाही, खर्च झेरॉक्सचा. पण दोन अटी आहेत: अर्ज वेळेत हवा आणि कागद हवेत.

इथेच माझ्या घोड्याने पेंड खाल्ली. विद्यापीठाच्या नावात अजून सावित्रीबाई फुले यांचं नाव आलेलं नव्हतं, म्हणजे २०१४ च्या आधीची गोष्ट. आई दोन महिने अंथरुणाला खिळली होती. मी आमच्या सरांना कॉरिडॉरमध्ये गाठून सगळं सांगितलं. सर भले माणूस, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नकोस, बघू आपण." मी निर्धास्त. डिसेंबरात सर दुसऱ्या कॉलेजला गेले. ऑफिसमध्ये विचारलं तर क्लार्कने फाईल उघडून दाखवली, तिच्यात माझ्या नावाचा चिटोराही नव्हता. टर्म गेली. पुढे सगळं सुरळीत झालं, पण तेव्हापासून तोंडी बोलण्यावर माझा विश्वास नाही. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या. एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. पोच मिळेपर्यंत खिडकीपाशीच थांबायचं.

अर्ज लिहिण्यातही फरक असतो. त्या मुलाने मोबाईलवर टाईप करून ठेवलं होतं: "वडिलांचा अपघात झाल्यामुळे मी कॉलेजला येऊ शकलो नाही, तरी कृपया मला माफ करावे." माफी कशाची? प्राचार्यांनी या कागदावर लिहायचं तरी काय? आम्ही तिथेच बसून तो पुन्हा लिहिला: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गैरहजर, कारण वडिलांचा अपघात आणि शस्त्रक्रिया, घरात दुसरा करता माणूस नाही, सोबत डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि नातं दाखवायला रेशनकार्डाची प्रत. खाली दोन विनंत्या, वेगवेगळ्या ओळींवर: या काळातली हजेरीची तूट माफ करावी, आणि चुकलेली अंतर्गत परीक्षा पुन्हा घ्यावी. दुसरी विनंती मुलं हमखास विसरतात. टर्म वाचते, परीक्षा होते आणि अंतर्गत गुणांच्या रकान्यात शून्य बसतं.

कागदांचं वजन सारखं नसतं. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड भारी, कारण त्यावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख छापलेली असते. गल्लीतल्या डॉक्टरांचं "विश्रांतीची गरज" असं सर्टिफिकेट हलकं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आणलेलं तर कुणी वाचतही नाही. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. "शेतात काम होतं" हे कारण कॉलेजात चालत नाही, ते आपल्याला कितीही खरं वाटलं तरी. गारपिटीत बाग झोपली असेल, तर तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जोडा. तिची दखल घ्यायलाच हवी असं नाही, पण नुसत्या कहाणीपेक्षा ती बरी.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत मात्र प्राचार्यांच्या हातात फारसं काही नसतं. तिथली हजेरी शिखर संस्था ठरवते. बी.फार्म.ला ८० टक्के. एमबीबीएसला थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८०. लॉसाठी बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के आहेत आणि अपवाद म्हणून थोडी खाली सूट. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या दारात उभं राहूनही तो आकडा हलत नाही.

बाळंतपणासाठी मात्र आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या विद्यापीठांना कळवलं की पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे आणि हजेरीत सवलतीचे नियम करा. पीएच.डी.ला तर २४० दिवसांची रजा नियमातच आहे. लग्न झालेल्या कितीतरी मुली हे न विचारताच कॉलेज सोडतात. अर्जात त्या पत्राचा उल्लेख करा, समोरच्याचा सूर बदलतो.

दुसरं दुखणं परीक्षेचं. हजेरी आहे, पण पेपर लिहिणंच कठीण आहे. इथे दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली, जादा वेळ आणि लेखनिक. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यात मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही येतात, हे फार कमी पालकांना ठाऊक असतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिकाला पात्र असणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. लेखनिक न घेता स्वतः लिहिलं तरी हा वेळ मिळतो. पूर्वी दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली असलेल्यांना वाटेला लावलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात ते चुकीचं ठरवलं आणि लिहायला अडचण असलेल्या, ४० टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळ्या सूचना निघाल्या. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला जावं लागतं, आणि ते एका फेरीत होत नाही. परीक्षेचं वेळापत्रक लागल्यावर धावपळ सुरू केली तर हा मार्ग त्या सत्रापुरता गेला म्हणून समजा. उजवा हात प्लॅस्टरमध्ये असेल, तर कॉलेजच्या परीक्षा अधिकाऱ्यांना एक्स-रे आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन लगेच भेटा. तात्पुरत्या दुखापतीतही लेखनिक मागता येतो, मात्र परवानगी पेपरच्या आधी हातात हवी.

दुसरी वाट केटीची, म्हणजे राहिलेले विषय मागे ठेवून पुढे जाण्याची. मुलांना ही लाज वाटते, मला ती सोय वाटते. परीक्षेचा फॉर्म भरा, जमतील ते पेपर द्या, उरलेले पुढच्या सत्रात. फॉर्म भरून एखाद्या पेपरला गेलाच नाहीत, तर गैरहजर लागतं आणि तो विषय बॅकलॉग होतो. फॉर्मच भरला नाही, तर जे चार पेपर सुटले असते तेही हातचे जातात. म्हणून घरी काहीही चाललेलं असो, फॉर्मची तारीख चुकवू नका. लेट फी लागली तरी लागू दे.

केटीची किंमत आहे, नाही असं नाही. पुढच्या सत्राचे विषय अधिक हे विषय, असा अभ्यास दुप्पट होतो. पुढच्या वर्षात जायला किती क्रेडिट सुटलेली हवीत, ते तुमच्या पॅटर्नवर, म्हणजे तुमच्या बॅचला लागू असलेल्या अभ्यासक्रमावर अवलंबून असतं. शेजारच्या ताईच्या वेळचा नियम तुम्हाला लागू असेलच असं नाही, स्वतःच्या बॅचचं परिपत्रक वाचा. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या अनेकदा चालू बॅकलॉग नको म्हणतात, त्यामुळे शेवटच्या वर्षाला असाल तर हिशोब बदलतो. पण एस.वाय.ला दोन विषय राहिले म्हणून कुणाची नोकरी अडलेली मी पाहिली नाही.

आता वर्ष. काही वेळा ते सोडावंच लागतं. केमो चालू आहे, घरातला कमावता माणूस गेला आहे, मन इतकं खचलं आहे की पुस्तक उघडलं तरी अक्षर दिसत नाही. अशा वेळी ओढूनताणून सहा पेपर देऊन सहाही घालवण्यापेक्षा थांबणं शहाणपणाचं. (मनाचा प्रश्न असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आधी लावा, कॉलेजचं नंतर बघू.) पण थांबण्याच्याही दोन तऱ्हा आहेत.

एक, गुपचूप गायब होणं. फी भरलेली, अर्ज नाही, फॉर्म नाही. वर्षभराने परत गेलं की ऑफिस गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतं, फी पुन्हा भरा म्हणतं, आणि पॅटर्न बदललेला असेल तर विषय जुळवत बसावं लागतं. शिष्यवृत्तीचंही बघा. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत चालू अभ्यासक्रमात दोन किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही. एक वर्ष सोडताना दुसरं सुटणार नाही, याची खात्री आहे का?

दुसरी तऱ्हा नव्या शैक्षणिक धोरणाने आणली, ती म्हणजे नोंद करून बाहेर पडणं. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत हे २०२४-२५ पासून आलं. पहिलं वर्ष पूर्ण असेल तर प्रमाणपत्र, दुसरं पूर्ण असेल तर पदविका, त्यासाठी चार क्रेडिटचा एक जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. मिळवलेली क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट’ या ऑनलाईन खात्यात जमा राहतात. कागदावर झकास आहे. पण वर्षाच्या मधोमध, अर्ध्या सत्रात अडकलेल्याला याचा उपयोग नाही, कारण बाहेर पडायचं दार वर्षाच्या शेवटी उघडतं. आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यात एका वर्षाच्या प्रमाणपत्राला कुणी काय किंमत देईल, याबद्दल मला शंका आहे. परत येण्याची सोय म्हणून ते घ्या, नोकरीची म्हणून नको.

शेवटी, नाशिककरांना घरचाच वाटणारा पर्याय: यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ मध्ये स्थापन झालेलं, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला उभं आहे, "ज्ञानगंगा घरोघरी" हे ब्रीद घेऊन. रोजची हजेरी नाही. अभ्यासकेंद्रावर संमंत्रण सत्रं, म्हणजे मार्गदर्शनाचे तास होतात, पुस्तकं मराठीत मिळतात आणि आयोगाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. ज्याची अडचण सहा महिन्यांत संपणारी नाही, म्हणजे बाग कायमची अंगावर आली आहे किंवा रात्रपाळीची नोकरी धरावीच लागली आहे, त्याने नियमित कॉलेजात हजेरीशी झुंजत बसण्यापेक्षा इथे यावं. पण वडिलांचा पाय तीन महिन्यांत बरा होणार असेल, तर त्यापायी कॉलेज बदलणं म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर जाळणं. इंजिनिअरिंग, मेडिकलला ही वाट मुळातच नाही. आणि जायचंच असेल, तर पास झालेल्या विषयांपैकी किती धरले जातील ते प्रवेशाआधी लेखी विचारा. प्रवेश घेतल्यावर विचारून उपयोग नसतो.

अर्ज दिला आणि कॉलेजने उत्तरच दिलं नाही, किंवा कारण न देता नाकारला, तर आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. तिने कामाचे १५ दिवस धरून अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. अर्जाची पोच इथे कामी येते. पोच नसेल तर समितीसमोर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता.

त्या मुलाने शेवटी काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ऑफिसच्या खिडकीत. क्लार्क म्हणाले, ठेवून जा. हा गेला नाही, शिक्का घेतला आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, आवक क्रमांकासकट. प्राचार्यांनी हमीपत्र लिहून घेऊन टर्म दिली. सगळे पेपर झेपणार नव्हते, म्हणून कॉस्टिंग आणि स्टॅट्स बाजूला ठेवून बाकीच्यांना बसला. ते दोन आता पुढच्या सत्राच्या परीक्षेबरोबर, म्हणजे एप्रिलच्या आसपास, ऐन खरड छाटणीत. वडील कुबडी टेकत अंगणात आले की रोज विचारतात, "पेपर कोणत्या तारखांना? मजूर आत्तापासून सांगून ठेवतो."