कॅरेरा जीटी: अकरा महिने सांभाळली, हजार किलोमीटर चालवली

गाडी माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या नावावर दुबईत एक जुनी कोरोला आहे आणि गावाकडे, कागल तालुक्यात, वडिलांच्या ट्रॅक्टरचे सोसायटीचे हप्ते. ही पोर्शे कॅरेरा जीटी आमच्या अरबाबची. इकडे कामगार लोक मालकाला अरबाबच म्हणतात. त्यांच्या सात गाड्या दुबईच्या अल कूझ भागातल्या एका गोदामात असतात आणि त्या सातही चालू स्थितीत ठेवायच्या, हे माझं काम. जीटी दर पंधरा दिवसांनी पहाटे बाहेर काढायची, चाळीस-पन्नास किलोमीटर फिरवायची आणि परत कापड घालून झाकायची. अकरा महिन्यांत हजाराच्या थोडं वर रनिंग झालं. गावाकडचे मित्र, मेव्हणे, चुलते सगळे एकच विचारतात: एवढ्या पैशाची आहे का रे ती? आणि त्याच्याही आधी अर्थातच: ॲव्हरेज किती देते?

ॲव्हरेज गावात चार, हायवेला सहा-सात. टाकी ९२ लिटरची. झालं समाधान? आता पैशाचं बघू.

ही गाडी २००३ ते २००६ या काळात जर्मनीत लायपझिगच्या कारखान्यात बनली. १,५०० करायच्या ठरल्या होत्या, १,२७० वर थांबल्या. जर्मनीत तेव्हा करासकट साडेचार लाख युरोच्या आसपास पडायची, अमेरिकेत ४ लाख ४० हजार डॉलर. आज चांगली ठेवलेली गाडी लिलावात दहा लाख डॉलरच्या पुढेच बोलते. म्हणजे गाडी एकच आणि किमती दोन. पहिली कारखान्याने लावलेली, दुसरी बाजाराने. 'पैसे वसूल आहेत का' याचं उत्तर या दोन किमतींना वेगवेगळं आहे, आणि लोक हा प्रश्न विचारताना नेमके त्या एकत्र कालवतात.

पहिल्या किमतीबद्दल माझी तक्रार नाही. इंजिन ५.७ लिटरचं, व्ही-टेन, म्हणजे दहा सिलिंडरचं, ६१२ पीएस (म्हणजे घोडे). हे इंजिन मुळात रेसिंगसाठी आखलेलं. ल मॉं या फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीची ती मोहीम नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीने गुंडाळली, इंजिन पडून राहिलं, मग २००० साली पॅरिसमध्ये त्याच्याभोवती बांधलेली गाडी दाखवली आणि पुढे ती रस्त्यावर आली. सांगाडा कार्बनचा, आणि इंजिन ज्याच्यावर बसतं ती चौकटही कार्बनची. वजन १,३८० किलो. यातलं काहीच दुसऱ्या कुठल्या गाडीतून उचलून आणलेलं नाही, आणि हे तिच्यात बसलं की कळतं. छप्पर म्हणजे कार्बनचे दोन तुकडे, एकेक अडीच किलोचासुद्धा नाही. एका हातात एक असे काढून पुढच्या डिकीत ठेवले की डिकी भरली. बॅगा मग घरी ठेवायच्या. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या अगदी जवळ, आणि त्याच्यावर लाकडाची मूठ. पोर्शेच्याच जुन्या ९१७ रेसगाडीत वजन वाचवायला लाकडी मूठ असायची, तिची ही आठवण. मला आधी हे नुसतं मिरवणं वाटलं होतं. जुलैत दुपारी एकदा ट्रेलरवर चढवायला बाहेर काढली तेव्हा स्टिअरिंगला हात लावता येईना, मूठ मात्र पोळत नव्हती. लाकडाचं महत्त्व तेव्हा कळलं.

आता क्लच. या गाडीबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं की ती जागेवरच बंद पडते. पडते. पहिल्या दिवशी गोदामाच्या दारात माझ्याकडून चार वेळा बंद पडली, समोर आमचा मल्याळी फोरमन आणि दोन पेशावरी हेल्पर चहाचे कप घेऊन उभे. क्लच सिरॅमिकचा, बशीएवढा, १६९ मिलिमीटर व्यासाचा. इंजिन जमिनीला टेकेल इतकं खाली बसावं म्हणून इतका लहान. त्यामुळे आपल्या नेहमीच्या गाडीसारखं थोडा क्लच सोड, थोडी रेस दे, असं केलं की तो धरतो आणि इंजिन गप्प. फोरमननं एवढंच सांगितलं की रेस देऊच नकोस. नुसता क्लच सावकाश सोड, गाडी आपली आपण निघते, निघाल्यावर मग पाय टाक. मी म्हटलं, अरे, हे तर ट्रॅक्टरचं आहे! उसाची भरलेली ट्रॉली शेतातून रस्त्यावर काढताना वडील हेच ओरडायचे, रेस सोड, नुसता क्लच उचल. पाचव्यांदा गाडी लोण्यासारखी निघाली. पातळ तळव्याचे बूट मात्र घ्यावे लागले, ते माझ्या खर्चानं.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण या गाडीतली सगळी मजा इथंच आहे. तीनशे तीसचा टॉप स्पीड मी बघितलेला नाही, बघणारही नाही. दुबईत कॅमेरा पाटीवरच्या मर्यादेपेक्षा वीसची सूट देतो, एवढीच माझी मोकळीक. पण दुसऱ्या गिअरमध्ये चार हजारांवरून सात हजारांवर जाताना ती जी किंकाळी मारते, ती ऐकायला तीनशेची गरजच नाही, ऐंशीला ऐकू येते. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनासोबत फिरणारं चाक, इतकं हलकं की पाय काढला की काटा खाली कोसळतो, त्यामुळे गिअर उतरवताना मधे रेसचा नेमका ठोका द्यावा लागतो. चुकला की मागची चाकं चिडतात. चाकं जागेवर घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण गाडी आडवी जायला लागली तर सावरून घेणारी यंत्रणा नाही. पहाटेच्या वाळूनं रस्ता पांढरा झालेला असला की मी सरळ मागं फिरायचो. शौर्य दाखवायला गाडी स्वतःची असावी लागते.

खर्चाचं. टायर मागचे ३३५ मिलिमीटर रुंदीचे, २० इंची, पुढचे २६५, १९ इंची. आमच्या टायरांची नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती, पण इथला नियम असा की पाच वर्षांहून जुना टायर चालत नाही. नक्षी शाबूत, तारीख संपलेली, चारही फेकले. हेल्पर पोरगा एका टायरवर हात फिरवत बराच वेळ बसला होता. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तो दिसतसुद्धा नाही, आणि त्याच्या एकट्याच्या पैशात बरी नवी गाडी येते. एकदा मी बॅटरीचा चार्जर लावायला विसरलो, तीन आठवड्यांनी पुढचं बॉनेट उघडेना, कारण ते विजेवर उघडतं आणि बॅटरी आतच. चूक सर्वस्वी माझी. २०२३ साली तर कंपनीने अमेरिकेतल्या ४८९ गाड्यांच्या मालकांना सस्पेन्शनचे सांधे बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असं कळवलं होतं. माझा अंदाज, निम्म्यांना फरकही पडला नसेल.

कारण इथून दुसरी किंमत सुरू होते.

दर फेरीनंतर अरबाबांचा फोन यायचा. गाडी कशी आहे, इंजिन तापलं का, आवाज बरोबर आहे का, यातलं काही नाही. पहिला प्रश्न, "कितना चला?" बेचाळीस म्हटलं की "अच्छा," साठ म्हटलं की गप्प. माणूस वाईट नाही. त्यांनीच ही गाडी नवी घेतली, सुरुवातीला स्वतः पिटाळली. पण आता मीटरवरचा प्रत्येक किलोमीटर त्यांना खिशातून गेल्यासारखा वाटतो, आणि हिशेबानं ते खरंही आहे. न चालवावी तर पेट्रोल शिळं होतं, सील सुकतात, टायर एका बाजूनं बसतात. उभ्या गाडीला वाळवी लागते म्हणतात ते उगाच नाही. म्हणून ती मरणार नाही इतपतच चालवायची. माझी नोकरी म्हणजे गाडीला सलाईन लावण्याची.

लहानपणी दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक बघायला वडील न्यायचे. दसरा चौकात खांद्यावर बसून ती लांबलचक गाडी येताना बघायची. तीही क्वचितच बाहेर निघणारी. पण ती विकायची नाही, म्हणून तिच्या किलोमीटरला कुणी भीत नाही. ती निघते, लोक बघतात, संपलं. इथं गाडी आणि मालक यांच्यामध्ये कायम एक न दिसणारा गिऱ्हाईक बसलेला असतो.

आणि सगळ्याच मर्यादित गाड्यांची पहिली किंमत तरी खरी असते का? अजिबात नाही. २०१३ ची लँबोर्गिनी वेनेनो घ्या. गिऱ्हाइकांसाठी तीनच केल्या, किंमत कर सोडून तीस लाख युरो. खालचं सगळं अवेंटाडोरचं, तेच साडेसहा लिटरचं व्ही-ट्वेल्व्ह, ७०० चे ७५० पीएस केलेलं. वरचं कवच वेगळं. पन्नास घोडे आणि एक कवच, आणि पैसे दहापटीच्या आसपास. नंतर उघड्या छताच्या नऊ काढल्या. त्यातली एक २०१९ मध्ये जिनिव्हाजवळ लिलावात विकली गेली, इक्वेटोरियल गिनीच्या उपाध्यक्षांकडून जप्त केलेल्या पंचवीस गाड्यांपैकी. फी धरून ८३ लाख स्विस फ्रँकच्या आसपास. मीटरवर तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. म्हणजे मी अकरा महिन्यांत जेवढं चालवलं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. ती गाडी म्हणून कधी जगलीच नाही.

या शहरात याचं कुणाला नवल वाटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये इथं 'पी ७' ही नंबरप्लेट धर्मादाय लिलावात ५ कोटी ५० लाख दिरहमला गेली. नुसता पत्रा, त्याला चाकं नाहीत. जीटीच्या आतसुद्धा गाडीचा क्रमांक कोरलेली पट्टी आहे, आणि बघायला येणारा प्रत्येक जण फोटो आधी तिचाच काढतो. आपल्याकडे आरटीओत पसंतीच्या नंबरासाठी पैसे मोजणाऱ्यांना मी हसायचो. आता हसत नाही, तत्त्व तेच आहे, फक्त शून्यं वाढलीत.

चालवण्यासाठी पैसे टाकायचे असतील तर माझं मत ठाम आहे. अरबाबांकडे शेजारीच पोर्शेचीच ९११ जीटी३ उभी आहे, शोरूममधून कुणालाही मिळणारी (बरं, रांगेत थांबून). चार लिटर, नऊ हजार आरपीएम, ५१० पीएस. शंभरला कंपनीच्या आकड्यांनी ३.४ सेकंद, कॅरेरा जीटीला ३.९. बंद पडत नाही, वाळूला घाबरत नाही, कुणी किलोमीटर विचारत नाही. दहातले नऊ आणे... चुकलो, सोळातले चौदा आणे आनंद तिच्यात आहे. उरलेल्या दोन आण्यांसाठी दुसरी किंमत मोजणं मला पटत नाही. ते दोन आणे नाहीतच, असं मात्र म्हणणार नाही.

कारण डिसेंबरात एकदा अरबाब म्हणाले, चल, जेबेल जैस. रस अल खैमातला हा डोंगर यूएईत सगळ्यात उंच, वर जाणारा रस्ता घडीच्या चादरीसारखा वळत जातो. वर त्यांनी नेली, छप्पर काढून. एका बाजूला उभा कातळ, आणि त्याच्यावर आपटून परत येणारा तो आवाज. सत्तरीतला माणूस, क्लच एकदाही चुकला नाही. वर गाडी लावली, थर्मासमधला कडक चहा घेतला, थंडीनं दोघांचेही हात गारठलेले. उतरताना किल्ली माझ्याकडे दिली. त्या दिवशी येऊन-जाऊन तीनशेच्या वर झाले आणि रात्री फोन आला नाही.

ही भारतात आणता येईल का, असं मेव्हण्यांनी विचारलं होतं, म्हणून एका ओळीत: नाही. ही गाडी फक्त डाव्या स्टिअरिंगची बनली आणि आपले आयातीचे नियम उजव्या स्टिअरिंगचीच गाडी मागतात. कस्टम तर पुढचीच गोष्ट.

गेल्या महिन्यात युरोपातल्या लिलावासाठी गाडी तपासायला एक माणूस आला. रंगाची जाडी मोजली, लॅपटॉप जोडून इंजिन कधी मर्यादेबाहेर फिरवलंय का ते बघितलं, पाचही बॅगा मोजल्या, दोन्ही किल्ल्या, पुस्तकं, पावत्या. इंजिन दोन मिनिटं चालू करून खाली टॉर्च मारला. चालवली नाही. मीटर १४,९३० दाखवत होता. पंधरा हजाराच्या आत आहे, म्हणाला, विक्री होईपर्यंत आतच राहू द्या.

त्यानंतरच्या रविवारी सवयीनं साडेचारला जाग आली. पातळ तळव्याचे बूट घालूनच खाली उतरलो आणि कोरोला काढली, करामाला चहा प्यायला. कोरोला ऑटोमॅटिक आहे. निघताना डावा पाय मात्र सावकाश वर उचलला गेला.